दोन सेंटर आणि मी

मित्रांनो, जरा सरकून बसा आणि ऐका. मी एक जुना बाक आहे. सागवानी, सहा जणांचा. वय विचारू नका, पुण्यात ते विचारलेलं आवडत नाही. कसबा पेठेतल्या बाबुराव मिस्त्रींनी मला घडवलं. रंधा मारताना ते पुटपुटायचे, "आपण कशावर बसलोय हे बसणारा विसरला, म्हणजे बाक जमला." बाक फारच जमला असावा. लोक पुढे मला साफ विसरले.

हातगाडीवर घालून, मंडईच्या गर्दीतून शिव्या खात, मला एका जुन्या क्रीडामंडळाच्या बास्केटबॉलच्या मैदानावर आणलं. पहिल्या दिवशी नारळ फुटला, हार घातला. पाहुण्यांनी माझ्यावर थाप मारून "वा, लाकूड आहे हं!" असा शोध लावला. बरीच वर्षं मी थोरामोठ्यांना मांडी दिली. मग आल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मला जिन्याखाली ढकललं आणि माझ्यावर फिनेलचे डबे ठेवले. अकरा वर्षं तो वास घेत पडलो होतो. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

माझा उद्धार केला रतनने. एका व्यावसायिक संघाने सरावासाठी मैदान भाड्याने घेतलं होतं. रतन त्यांचा मुख्य सेंटर. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहून धक्के देणारा आणि खाणारा, संघातला सर्वांत उंच गडी. हा धिप्पाड गडी पहिल्याच दिवशी खुर्चीवर टेकला आणि खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले. अनंत सर, म्हणजे त्यांचे प्रशिक्षक, शांतपणे म्हणाले, "उठा. आता माणसांसाठी केलेलं काहीतरी आणा." अशी माझी धूळ झटकली गेली.

पण मित्रांनो, सुख कुठलं? यंदा माझ्यावर दोघे असे बसत, की मला क्षणभर चैन नसे. स्पर्धेसाठी संघातून बाराच जणांची नावं जाणार होती. सेंटर फक्त दोन. रतन पक्का. उरलेल्या एका राखीव जागेसाठी धम्मदीप आणि पृथ्वीराज झुंजत होते. गंमत बघा, जीव तोडून भांडत होते ते सामनाभर माझ्यावर बसायला मिळावं म्हणून!

धम्मदीप अठ्ठावीस वर्षांचा. तीन वर्षं ती जागा त्याचीच होती. यंदा त्याने आईला, हिराबाईंना, शब्द दिला होता, की नाव आलं नाही तर खेळ बंद, मुकाट्याने कॉलेजातली क्रीडाशिक्षकाची नोकरी धरायची. पृथ्वीराज एकवीस वर्षांचा, वाघोलीचा. धावायला वारा, पण उजवा गुडघा नाजूक. दोघेही माझ्यावर बसले की गुडघे हनुवटीला लागत आणि टाचा सारख्या थडथडत. एक या टोकाला, एक त्या टोकाला. माझे खिळे ढिले व्हायची वेळ आली. बरं, एकमेकांशी बोलतील तर शपथ!

नावं जाहीर होणार त्या रविवारी बाहेरगावचा एक संघ सामन्याला बोलावला होता. रतनला विश्रांती होती. हे दोघे आळीपाळीने खेळणार होते. आपल्या संघाचा एक नियम होता, तो नीट लक्षात घ्या. मैदानावरच्या गड्याला पाठीमागचं दिसत नाही. विरुद्ध संघाचा एखादा आडदांड गुपचूप मागे येऊन भिंतीसारखा उभा राहतो. म्हणून आपल्या जागेवर जो खेळतोय, त्याचे डोळे बाकावरच्याने व्हायचं आणि वेळेवर ओरडायचं, "मागे!"

आधी पृथ्वीराज उतरला. त्यांचा एक बैलासारखा गडी त्याच्या मागे येऊन उभा राहिला. मला ते धम्मदीपच्या अंगातून कळलं. त्याच्या थडथडणाऱ्या टाचा एकदम थांबल्या. त्याला दिसलं होतं. त्याने तोंड उघडलं. आणि मिटलं.

पृथ्वीराज वळला तो थेट त्या भिंतीवर आदळला आणि उजव्या गुडघ्यावरच पडला. अरे देवा! अनंत सर म्हणाले, "जमीन बघून झाली असेल, तर बाहेर या." तो लंगडत माझ्या त्या टोकाला येऊन बसला. धम्मदीपने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग धम्मदीप खेळला, आणि काय खेळला! आठ गुण घेतले, दोन फेकी हवेतच अडवल्या. मैदानावर टाळ्या पडत होत्या. परत येऊन बसला, तेव्हा मात्र त्याच्या टाचा आधीपेक्षा जास्त थडथडत होत्या. टॉवेल तोंडावर धरून बसला होता बिचारा. बिचारा कसला, मला त्याचा संतापच आला होता!

शेवटची दोन मिनिटं राहिली. आपला संघ एका गुणाने पुढे होता. "गुडघा काय म्हणतोय?" सरांनी विचारलं. "बरा हाय, सर," म्हणत पृथ्वीराज पुन्हा उतरला. आणि पुन्हा तोच बैल त्याच्या मागे सरकू लागला. धम्मदीपच्या टाचा थांबल्या. आता नुसतं बसून राहायचं होतं. जागा त्याची होती, आईला दिलेला शब्द पाळायची वेळच येणार नव्हती, सगळं मनासारखं होणार होतं.

"पृथ्वी, मागे! मागे बघ!"

तो असा ओरडला की माझी फळी न् फळी हादरली. पृथ्वीराजने अंग चोरलं, बाजूने निसटला आणि त्यांची शेवटची फेक बोटांच्या टोकांनी अडवली. सामना जिंकला. सरांनी तिथेच बारा नावं वाचली. दुसरा सेंटर, पृथ्वीराज.

सगळे आनंदाने ओरडत आत गेले. धम्मदीप माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. थोड्या वेळाने पृथ्वीराज गुडघ्याला बर्फ लावून आला आणि पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसला.

"दादा, पहिल्यांदा तुला दिसला व्हता ना त्यो?"

"दिसला होता."

"मग?"

"तू पडावास असं वाटलं."

पृथ्वीराजने बर्फ गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. "आन् दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही तेच वाटलं," धम्मदीप म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पण तोवर ओरडून झालं होतं."

"मी असतो तर वरडलो असतो का, म्हाईत नाय," पृथ्वीराज हळूच म्हणाला. त्याने धम्मदीपची पिशवी उचलली आणि लंगडत का होईना, फाटकापर्यंत पोहोचवायला गेला. धम्मदीप नको नको म्हणत होता. मला त्या दोघांचा एकदम फार लळा लागला, आणि रागही गेला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. रंग नको, तेलपाणी नको. माझ्यावर नावं कोरलीत तर वाईट वाटेल, पण सोसेन. माझं मागणं वेगळं आहे. कधीतरी तुम्हीही बाकावर बसाल, आणि ज्याने तुमची जागा घेतली तोच समोर खेळत असेल. त्याच्या पाठीमागून येणारा धक्का त्याला दिसणार नाही, तुम्हाला दिसेल. तेव्हा ओरडा. जागा गेली तरी ओरडा.