चार बोटांचा पट्टा

मी कातडी कमावणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगणातला जुना बहावा आहे. मित्रांनो, भर उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडलेलं झाड दिसलं, तर तो मी किंवा माझाच कोणी भाऊबंद समजा.

म्हाताऱ्याने मला लावलं तेव्हा तो तरणाताठा होता. माझी साल कुटून तो हौदाच्या पाण्यात घालायचा आणि त्यात कातडी भिजत टाकायचा. गावातल्या चपला, पट्टे, घोड्यांचे लगाम, सगळ्यांत थोडाथोडा मी आहे. माझ्या शेंगेतल्या काळ्या गराने पोट साफ होतं. तो चाटवला की गल्लीतली पोरं दोन दिवस माझ्याकडे फिरकत नसत. त्यांच्या आया मात्र तोंड भरून कौतुक करायच्या.

म्हातारा साल काढायचा ती एकाच अंगाने, वीतभर. ती जखम भरेपर्यंत दुसऱ्या अंगाला हात लावायचा नाही. असं का, हे मात्र त्याने कधी कोणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि कोयता लेकीच्या हाती आला. लेक मोठी मायाळू. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "एकाच जागी किती सोलायचं रे तुला? सगळीकडून थोडी थोडी काढते, म्हणजे दुखणार नाही."

आणि तिने बुंध्याभोवती चार बोटं रुंद पट्टा काढला. पूर्ण गोल. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. ती वाट तिथेच तुटली.

दुखलं नाही, खरंच. तेव्हापासून फारसं काही वाटतच नाही. वारा येतो, पाखरं बसतात. बसू देत.

खाली जाणारं अन्न वरच अडलं, आणि यंदा मी कधी नव्हे इतका फुललो. लेक हरखली आणि बापाला धरून अंगणात घेऊन आली.

"बघा ना बाबा, केवढा खूश आहे!"

म्हाताऱ्याने वर पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावर भार टाकून, पट्ट्यावर बोट ठेवून त्याने बुंध्याभोवती फेरी घातली. बोटाला कुठेच साल लागली नाही.

"माझं काही चुकलं का?"

"मीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "अशानं झाड मरतं गं."

तिने पट्ट्यावर तळहात टेकला. "आता काय करू?"

"काही नाही. फुलं बघ."

मित्रांनो, माया जरूर करा, पण त्याआधी जाणत्याला एकदा विचारा. आणि जाणत्यांनो, तुम्ही न विचारताही सांगा. लेक अजून माझ्या बुंध्यावर हात ठेवून बसली आहे. तो हात गार आहे की ऊन, मला कळत नाही.