रुमाल टाकलेली खुर्ची

गेल्या वेळचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते, नाहीतर मध्येच कुणीतरी विचारणार, "हे काका कोण?" मी लिफ्ट दुरुस्त करते. गेल्या वर्षी एका जुन्या इमारतीतून तक्रार आली म्हणून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले, तर तिथे मागच्या भिंतीला एक दार होतं आणि दारापलीकडे हॉल. खुर्च्या, ट्यूबलाइट आणि नुकतीच मेलेली माणसं. इथलं संपलेलं आणि पुढचं अजून सुरू न झालेलं, अशी ती जागा. शहरातली प्रत्येक लिफ्ट वेळ आली की तिथवर जाते. माणसं जरा टेकतात, दम खातात आणि हॉलच्या पलीकडच्या दारातून पुढे जातात. तिथून परत कुणी येत नाही. मला मात्र जिन्याने जाता-येता येतं, कारण लिफ्ट बिघडली की मेकॅनिक लागतोच आणि मेलेले मेकॅनिक तिथे क्षणभरही थांबत नाहीत. जन्मभर तेच केलेलं असतं, पुन्हा कोण हात काळे करणार!

तिथे मला आमचे काका भेटले. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मला या दोघांनीच वाढवलं. काका सामान हलवणाऱ्या कंपनीत होते. अरुंद जिन्यातून लोखंडी कपाट कसं वळवायचं, हे बघायला शेजारीपाजारी गोळा व्हायचे. तर हे काका पुढे गेलेच नव्हते. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून, बसमध्ये धरायचे तशी मावशीसाठी जागा धरून बसले होते. "तिला सांग, मी थांबलोय," म्हणाले. मी सांगितलं. मावशी रडता रडता हसली आणि मला वाटलं, किती छान झालं.

कसलं छान! इतकी वर्षं संसार करून काकांना एवढं कळायला हवं होतं की आपल्यासाठी कुणी खोळंबलंय हे या बाईला सहन होत नाही. कुठे जायचं असलं की ही सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभी. टॅक्सी बोलावली की टॅक्सीवाल्याला थांबायला लागू नये म्हणून रस्त्यावर. काका थांबलेत म्हटल्यावर तिने आवराआवर सुरू केली. चांगली भांडी शेजारणीला दिली, कुंड्या खालच्या शिक्षिकेला. जेवण दोन घासांवर आलं. औषधाच्या गोळ्या मला सोफ्याच्या फटीत सापडल्या. मी ओरडले, हातापाया पडले, अबोला धरून पाहिला. "अगं सुतळे, ते एकटे बसलेत तिथे," एवढंच तिचं उत्तर. लहानपणी काडीसारखी होते म्हणून मी सुतळी, आणि आता कमरेचा पट्टा पुरत नसला तरी सुतळीच. शेवटी खोकला छातीत उतरला आणि तिला दवाखान्यात हलवावं लागलं.

त्या दुपारी मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आम्ही आमच्या परीने सगळं करतोय," त्या म्हणाल्या, "पण त्यांनीच हातपाय गाळलेत. आजचा दिवस निघाला पाहिजे." त्या आत गेल्या आणि माझा फोन वाजला. स्क्रीनवर नंबर नव्हता.

"वरून बोलतेय," हॉलच्या दारावर बसणारी बाई होती. "लिफ्टचं दार लागत नाहीये. एका माणसाने मध्ये पाय घातलाय."

"बाई, माझी मावशी इथे शेवटच्या घटका मोजतेय. आज मी येणार नाही, तुम्हाला काय करायचं ते करा."

"लिफ्टमध्ये तुझी मावशीच आहे," बाई म्हणाली. "आणि पाय तुझ्या काकांचा."

हत्यारांची पिशवी उचलून मी दवाखान्याचे जिने चढत सुटले. गच्चीवर पोचेपर्यंत फासळ्या दुखायला लागल्या होत्या. मशीन रूममध्ये शिरले, इथेही असलेलं मागचं दार ढकललं आणि आधी भांडणच ऐकू आलं.

"अहो, पाय काढा!"

"नाही काढत."

"लोकं खोळंबलीत तुमच्यापायी."

"खोळंबू देत. मेलीच आहेत, आता कुठे उशीर होतोय त्यांना?"

मावशी लिफ्टमध्ये उभी होती. दवाखान्याचा झगा, केस मात्र नीट विंचरलेले, हातात भरलेली पिशवी. काकांनी चपलेसकट पाय दारात रोवला होता आणि दोन्ही हात पसरून वाट अडवली होती. मावशीच्या मागे आणखी चार-पाच जण आपापलं सामान कवटाळून ताटकळत होते. आई नव्हती तेव्हा मावशीने माझ्या वेण्या घातल्या होत्या, आणि आता ही मला टाकून चालली होती.

"उंबरा ओलांडला नाही ना तिने?" मी बाईला विचारलं.

"नाही. ओलांडला की संपलं. आत आहे तोवर अधांतरी."

"सुतळे, हिला खाली ने," काका म्हणाले. "मी थांबलोय म्हणालो, ते बरं वाटावं म्हणून. उद्याच ये असं म्हणालो होतो का मी?"

पण त्या लिफ्टला वरून खाली जायचं बटणच नाही. उरला एकच मार्ग, मशीन रूममधला ब्रेक हाताने सोडायचा आणि लिफ्ट आपल्या वजनाने जाऊ द्यायची. मी हुकूम सोडला, "चला, लिफ्ट रिकामी करा! बाकीचे बाहेर. मावशी, पिशवी बाहेर दे, तू तेवढी आत थांब." अडकलेली लिफ्ट आधी मोकळी करायची, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. सगळे उतरले, काकांनी पाय काढला, मी ब्रेक सोडला.

लिफ्ट वर उचलली गेली.

"अगं, थांब, थांब!" बाई किंचाळली. "अजून हातभर गेली की उंबरा राहत नाही, थेट पलीकडे!"

मी ब्रेक दाबून धरला. लिफ्टच्या दोरांना दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं लटकवलेली असतात. रिकामी लिफ्ट त्यांच्यापेक्षा हलकी, म्हणून ब्रेक सोडला की ती खाली नाही, वर जाते. हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवते. आणि माझ्या मावशीचं आता वजन ते किती उरलं होतं?

"काका, भार पाहिजे! लिफ्टमध्ये भार भरा!"

मेलेल्या माणसाला वजन नसतं. त्या हॉलमध्ये वजन असतं ते फक्त हातून सुटत नाही अशा वस्तूंना, आणि ते भलतंच असतं. काकांनी बाह्या सरसावल्या. आयुष्यभर केलेलं काम समोर आलं आणि माणूस तरुण दिसायला लागला. "जड आधी, तळाला! काच नंतर!" एका शिंप्याने शिलाई मशीन दिलं. एका बाईने मुलाची लहानपणची सायकल दिली. एक चिडका गृहस्थ सोसायटीच्या भांडणाच्या फायली छातीशी धरून होता. त्याने जराशी कुरकुर केली, मग म्हणाला, "घ्या, मरू देत." ज्याचं ओझं आत गेलं तो हात झटकून मोकळा हसायचा आणि पलीकडच्या दाराकडे चालू लागायचा.

मी ब्रेक अलगद सोडून पाहिला. लिफ्ट हळूच उंबऱ्याच्या रेषेत आली आणि तिथेच राहिली. वरही नाही, खालीही नाही.

"अजून थोडं!" मी ओरडले.

हॉलमध्ये देण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक खुर्ची सोडून. त्या खुर्चीवर रुमाल होता आणि ती जागची हलवणं वर्षभरात कुणालाही जमलं नव्हतं, झाडणाऱ्यालासुद्धा नाही. काका तिच्याकडे बघत राहिले.

"नको हं," मावशी म्हणाली. "ती माझी जागा आहे."

"म्हणून तर तुझ्याबरोबर पाठवतोय."

"आणि मी आले की बसू कुठे? तुम्ही कुठे थांबणार?"

"मी थांबणारच नाही," काका म्हणाले. "मी पुढे जातो. फिरतो, बघतो काय काय आहे ते. तू कधीही ये. आलीस की हाक मार."

"म्हणजे माझ्यावाचून..."

"तुझ्यावाचून करमणार नाही. पण खोळंबणार नाही मी. ऐकलंस? तुझ्यासाठी इथे कुणीही खोळंबलेलं नाही."

मावशीच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मला लांबूनही दिसलं. ती गप्प झाली, आणि आमची मावशी गप्प होणं म्हणजे ऐकणंच. काकांनी खुर्चीला खांदा दिला, मी ब्रेक धरून शिव्या देत राहिले, दारावरची बाईसुद्धा पदर खोचून आली. खुर्ची कोपऱ्यावर वळवत, तिरकी करत त्यांनी ती दारातून आत घेतली. मावशी रुमाल हातात घेऊन तिच्यावर बसली.

"हळू सोड गं," काका मला म्हणाले. "नाजूक माल आहे."

"नाजूक म्हणे!" मावशी म्हणाली. दार बंद झालं. या वेळी मध्ये कुणाचा पाय नव्हता.

लिफ्ट खाली निघाली. हातातल्या ब्रेकमधून मला तिचा भार जाणवत होता, चांगला भरभक्कम. मी रडत होते आणि ते मला मुळीच लपवायचं नव्हतं. लिफ्ट तळाला टेकल्यावर मी मागे वळले, तेव्हा काका पलीकडच्या दारात पोचले होते. रिकामे हात हलवून त्यांनी मला निरोप दिला आणि शीळ घालत आत गेले.

मी धावत खाली आले तर डॉक्टरीणबाई मलाच शोधत होत्या. मावशीने डोळे उघडले होते. तिने भात मागितला होता, आणि दिला तो गिळगिळीत आहे अशी तक्रारही केली होती.

घरी न्यायच्या दिवशी मी तिच्या कुंड्या परत मागून आणल्या होत्या. खाली टॅक्सी उभी होती. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये आता एक खुर्ची आहे, कुणी ठेवली ते कुणालाच माहीत नाही. म्हातारी माणसं तिच्यावर बसून जातात. मी बटण दाबायला हात पुढे केला, तर मावशीने तो धरला. तिच्या दुसऱ्या मुठीत काकांचा रुमाल होता.

"लिफ्ट नको," ती म्हणाली. "जिन्याने जाऊ, दमले की बसत बसत."

"अगं, टॅक्सीवाला कधीचा खाली थांबलाय."

मावशीने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"थांबू दे की," ती म्हणाली.