अनसूयाआत्याच्या ट्रंकेतलं पुस्तक

“अहो, कोट तरी काढा,” मी म्हणाले, पण हे ऐकतात कसले! सोपाऱ्याच्या चक्रेश्वर तळ्यात कोटासकट कमरेपर्यंत शिरले आणि पायांनी गाळ चाचपू लागले. काठावर माझा आतेभाऊ काशिनाथ तोंडाचा आ वासून उभा. त्याच्या आईचं, माझ्या अनसूयाआत्याचं, त्या दिवशी तेरावं होतं. घरात पंगतीची तयारी आणि घरचा जावई तळ्यात.

यांचं नाव नरहरी. आगाशीच्या वाचनालयात कारकून. लिहिणारा मरून पन्नास वर्षं झाली की पुस्तकावर कुणाचा हक्क राहत नाही, ते सगळ्यांचं होतं, हा कायदा यांना कुठे वाचायला मिळाला देव जाणे. तेव्हापासून माणसाच्या पायाला भिंगरी. सगळ्यांचं म्हटलं की सांभाळत कुणीच नाही, म्हणून विरार ते वसई कुठेही जुनं माणूस गेलं की हे दारात हजर. ट्रंक आहे का, माळ्यावर काही आहे का, वाचनालयाला द्या, म्हणजे कुणालाही वाचता येईल, छापता येईल. लोक म्हणायचे, दहाव्याला एक वेळ कावळा उशिरा येईल, नरहरी नाही यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ते साल त्रेपन्न. बोळिंजला माझ्या दादाच्या, दिनानाथच्या वाडीत राजेळी केळी मरत होती. पानं पिवळी पडायची, बुंधा कापला की आत काळे डाग. दादाने राख टाकली, चुना टाकला, नवस बोलला. ही लागवडही गेली तर वाडी सोडून गिरणीत जातो, म्हणाला. बाबांनी हाताने लावलेली वाडी ती. मला तर रडूच यायचं.

यांनी जुनी मासिकं चाळता चाळता एक जाहिरात शोधून काढली. साठ वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या एका मास्तरांनी केळीच्या रोगावर पुस्तक छापलं होतं. ते मास्तर म्हणजे अनसूयाआत्याचे सासरे. आत्या सासऱ्यांच्या ट्रंकेला कुणाला हात लावू देत नसे. हे चार वेळा गेले, चारही वेळा तिने चहा आणि सुकेळी देऊन वाटेला लावलं. मग आत्याच गेली.

दहाव्याला हे कोट चढवून निघाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या माहेरचं माणूस आहे, म्हटलं, निदान इथे तरी माझी शोभा करू नका. तेरावं होऊ दे, मग मागा. तीन दिवसांनी काय आकाश कोसळतंय?

यांनी ऐकलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण पुस्तकाच्या बाबतीत माझं ऐकलं ते तेवढंच. तीन दिवस अंगणात येरझाऱ्या घालत राहिले, जेवणात लक्ष नाही, झोप नाही.

तेराव्याला पोचलो तर ट्रंक रिकामी. पोथ्या रद्दीत द्यायच्या नाहीत, पाण्यात सोडायच्या, ही आपली रीत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर गणपती होता, म्हणून काशिनाथने तेही पोथ्यांबरोबर लाल फडक्यात बांधून, फुलं वाहून सकाळीच तळ्यात सोडलं होतं. त्याची काय चूक?

बासन सापडलं. काशिनाथच्या अंगणात केळीच्या पानांवर आम्ही एकेक कागद सोडवून पसरला. शाई फुटली नव्हती. दादाला निरोप गेला, तो सायकल मारत आला आणि उकिडवा बसून वाचू लागला. पिवळी पानं, काळे डाग, सगळं त्याच्याच वाडीतलं. वाचता वाचता त्याचा आवाज चढला. ‘येणेप्रमाणे बुंधा आतून काळा पडू लागल्यास पुढील उपाय मी स्वतः केला असून त्यास गुण आला आहे.’

पुढच्या तीन पानांचा लगदा झाला होता. हे सुईने सोडवायला गेले, तर सुईलाच चिकटून आला.

दादाने त्या लगद्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, “पाण्यात कधी सोडलं?”

“आज सकाळी,” काशिनाथ म्हणाला.

“म्हणजे कालपर्यंत घरात होतं.”

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. आता हे माझं नाव घेणार, म्हणून मी मान खाली घातली. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मलाच उशीर झाला,” हे म्हणाले.

दादा त्या वर्षअखेरीस गिरणीत लागला. यांनी उरलेलं पुस्तक सुवाच्य उतरवून काढलं, मधे तीन पानं कोरी सोडली, आणि दुसरी प्रत कुठे मिळते का म्हणून पार डहाणूपर्यंत पायपीट केली. नाही मिळाली.

पुढच्या दिवाळीत दादा जेवायला आला. अंगावर कापसाचा वास, बोलताना खोकला. “जगाची पुस्तकं शोधतो तुझा नवरा,” तो मला म्हणाला, “माझ्याच वेळेला बरे त्याचे पाय जड झाले.”

हे ओटीवर पुस्तकं पुसत बसले होते. त्यांना ऐकू गेलं. हातातलं फडकं जरा थांबलं आणि परत फिरू लागलं. मी दादाच्या ताटात भात वाढला आणि आमटी आणायला आत गेले.