मंडळी येत आहे

आमच्या चर्चमध्ये शेवटून दुसरा बाक माझा. पुढ्यात खांब आहे, त्यामुळे व्यासपीठ दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हणून तिथे कुणी बसत नाही आणि म्हणूनच मी बसते. हे गेल्यापासून मला तो बाक मानवायला लागला. गेल्यापासून म्हणजे परदेशी गेल्यापासून. ठणठणीत आहेत. पण बाई एकटी बसली आणि "हे गेल्यापासून" म्हणाली की नवीन माणसाचा चेहरा लगेच पडतो, आणि मग मलाच त्याची समजूत घालावी लागते.

आमचे हे नळाचं काम करतात. चर्चमध्ये प्रत्येकजण बंधू असतो, त्यात हे नळवाले, म्हणून सगळे त्यांना नळबंधू म्हणतात. चार वर्षांपूर्वी एका बेटावरच्या मिशन इस्पितळात झऱ्याचं पाणी आणायला माणूस हवा होता. मंडळीने यांना पाठवलं. एका वर्षासाठी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी मागे राहिले. एका वर्षाची चार झाली. सासूबाई गेल्या, त्यालाही आठ महिने झाले. आता मला अडवणारं इथे काही नव्हतं, फक्त बोलावणारं कुणी नव्हतं.

बेटावर फोन नाही. महिन्याला एक पाकीट यायचं, चर्चच्या पत्त्यावर. आत पाळकसाहेबांना लांबलचक पत्र आणि चार घड्या घातलेली एक चिठ्ठी, माझी. चिठ्ठीत काय असायचं? "दीड इंची पाइप संपले. टाकीचा तळ गळतो. गुडघा बरा आहे. जपून राहा." मी ती चिठ्ठी महिनाभर वाचायचे. गळक्या टाकीत प्रेम शोधायचं म्हणजे कमालच, पण शोधायचे.

वसंतातल्या त्या पाकिटात चिठ्ठीच नव्हती. मी पाळकसाहेबांना पाकीट झटकून बघायला लावलं. ते नवीन, दोन वर्षांपूर्वी आलेले, सज्जन माणूस. त्यांनी पाकीट उजेडात धरलं, उलटं केलं, आणि म्हणाले, "ताई, नाहीये हो. पण या वेळचं पत्र फार सुंदर आहे. रविवारी वाचतो, ऐका."

रविवारी मी खांबामागून ऐकलं. आधी पाइपांचं पुराण. मग पाळकसाहेबांचा आवाज हळवा झाला. "काम संपत आलं आहे, पण मन लागत नाही. मंडळीची फार आठवण येते. इतकी वर्षं मंडळी तिकडे आणि मी इकडे, हे आता सोसवत नाही. आपण मनावर घेऊन मंडळीला इकडे पाठवून द्यावं, ही हात जोडून विनंती. राहायची सोय मी करतो आहे."

सगळं चर्च गलबललं. पुढच्या बाकांवर नाकं शिंकरल्याचे आवाज आले. "मंडळीवर केवढं हे प्रेम!" पाळकसाहेब म्हणाले. आणि मी मात्र बाकाची कड घट्ट धरून बसले होते.

कारण आमच्या घरात मंडळी म्हणजे मी.

सासरे सासूबाईंना तशी हाक मारायचे, तीच सवय यांनी उचलली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "मंडळी, चहा झाला का?" मी मागे वळून पाहिलं, किती जण आलेत म्हणून. दारात हे एकटेच. तीस वर्षं माझं नाव त्यांनी घेतलं नाही आणि 'बायको' हा शब्द तर त्यांना उच्चारताच येत नाही, लाजेने कान लाल होतात. चारचौघांत मला हाकच नसायची. घसा खाकरायचे, आणि मी समजायचे. त्यामुळे चर्चमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि चर्चमध्ये मंडळी म्हणजे अर्थातच मंडळी. ही दोनशे माणसं.

आता सांगा, यांना कोणती मंडळी हवी होती?

नणंदेकडे गेले. ती दोन गल्ल्या सोडून राहते, जिभेला हाड नाही, पण मन साफ. सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "वहिनी, अगं दादा तुला बोलावतोय! दोनशे माणसांची राहायची सोय करणारे का तो? जा आणि सांग."

"आणि चर्चबद्दलच लिहिलं असेल तर?"

"तर काय?"

"तर सगळे हसतील. म्हणतील, म्हातारपणी बाईला नवऱ्याच्या बोलावण्याची स्वप्नं पडतात. मला लिहायचं असतं तर चिठ्ठी नसती टाकली?"

"त्याने लिहिलं ना! पाठवणारे ते, म्हणून त्यांना लिहिलं."

मला ते पटलंही आणि पटलं नाहीही. माझा स्वभाव वाईट आहे. मागून मिळालेलं मला गोड लागत नाही. त्यांनी नीट, माझ्याकडे तोंड करून, ये म्हणावं, एवढंच मला हवं होतं. नणंदेकडून मी वचन घेतलं की ती कुणाजवळ बोलणार नाही. ती म्हणाली, "तू तोंडात मूग गिळून बस, आणि मोड आले की मला बोलाव."

इकडे चर्चमध्ये समिती बसली. सगळी मंडळी तर जाऊ शकत नाही, तेव्हा मंडळीच्या वतीने सहाजण जावेत असं ठरलं. गायकवृंदाचे मास्तर, दातांचे डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि आणखी तिघं. पाळकसाहेबांनी बेटाच्या बंदरावर तार केली आणि तारेची नक्कल फलकावर लावली. अठरा तारखेच्या जहाजाने मंडळी येत आहे. बस, एवढंच. तारेत काटकसर करायची असते म्हणे.

मी त्या फलकासमोर किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. ती तार वाचून हे काय समजतील, हे त्या इमारतीत फक्त मला कळत होतं. पाळकसाहेबांची खोली पाच पावलांवर होती, दार उघडं होतं. मी पाच पावलं टाकली नाहीत. समजा, तार वाचून त्यांच्या मनात चर्चच आलं तर? मग मी स्वतःहून जाऊन काय सांगितलं असतं?

वर कहर म्हणजे समितीने मला काम दिलं. मी शिलाई करते, गायकवृंदाचे झगे माझ्याच हातचे. वस्त्रांच्या खोलीत माझं मशीन असतं. मास्तर आले, म्हणाले, "ताई, सहा सारख्या पिशव्या हव्यात. जाड कापड, खांद्याला पट्टा, आणि त्यावर भरतकामात मोठ्या अक्षरात 'मंडळी'. म्हणजे बंदरावर गर्दीत नळबंधूंना आम्ही लगेच ओळखू येऊ."

"लगेच ओळखतील," मी म्हणाले.

निळं कापड, पांढरा धागा. सहा वेळा मी माझंच नाव भरलं. मंडळीतला ळ फार छळतो, त्याची दोन पोटं सारखी येत नाहीत. सहावी पिशवी झाली आणि थोडं कापड उरलं. मी सातवी शिवली. तिच्यावरचा ळ सगळ्यांत सुरेख आला. मग पत्र लिहायला बसले. चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. "मी येऊ का?" एवढे तीन शब्द मला कागदावर ठेववेनात. शेवटी ती सातवी पिशवी घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मास्तरांच्या हातात दिली. मनात म्हटलं, त्यांना हवी ती मंडळी मी असेन तर नाव बघून कळेल. विचारतील, बोलावतील.

"यांना द्या."

"निरोप काही?"

"नाही. एवढंच."

ते सहाजण गेले. मी रोज वस्त्रांच्या खोलीत जाऊन झग्यांच्या कडा दुमडत बसायचे, ज्या दुमडायची काही गरज नव्हती. घरी परत आलं की घर खायला उठायचं. नळसुद्धा बोलायचा नाही. आमच्या मोरीतला नळ यांनी स्वतःच्या उंचीने बसवलाय. मी बुटकी, साडेचार फुटांवर जेमतेम दोन-तीन इंच, त्यामुळे तीस वर्षं लाकडी चौरंगावर चढून भांडी घासते. नळवाल्याच्या घरात नळच उंच. म्हणायचे, "करू की खाली." 'करू की' हे आमच्या घराचं ब्रीदवाक्य होतं.

तीन महिन्यांनी सहाजण परतले. रविवारी दुपारी सभागृहात खिडक्या झाकून, बेटावर काढलेली चित्रं मोठ्या पडद्यावर दाखवायची ठरली. सगळं चर्च लोटलं. नणंदही येऊन माझ्या शेजारी बसली. या वेळी खांब मध्ये नव्हता.

मास्तर सांगायला उभे राहिले. माणूस उंच, देखणा, बोलायला लागला की पाणी प्यायला विसरतो. "बंदरावर नळबंधू आमच्या आधी दोन तास येऊन उभे! नवा शर्ट, केस कापलेले, हातात फुलं. आम्ही सहाजण उतरलो, पिशव्या उंच धरल्या. ते आमच्याकडे बघेनातच, आमच्या मागे बघत होते. म्हणाले, 'मंडळी कुठे आहे?' आम्ही म्हणालो, 'अहो, आम्हीच मंडळी!' मग जे हसले! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले."

सभागृहही हसलं. नणंदेने माझा हात धरला. तो मी सोडवून घेतला, कारण धरून ठेवला असता तर मी ओरडले असते.

इस्पितळ, टाकी, झरा, सगळी चित्रं झाली. मग यांची खोली आली. दोन खाटा. एका खाटेवरची गादी कोरी, बांधलेली सुतळीही तशीच. खिडकीजवळ टेबल, टेबलावर काही नाही, शिलाईचं मशीन मावेल एवढी रिकामी जागा. पुढचं चित्र स्वयंपाकाच्या कोपऱ्याचं. मास्तर नळाशेजारी ताठ उभे, हसत.

"आता ही गंमत बघा," मास्तर म्हणाले. "इतका कसबी माणूस, पण स्वतःच्या खोलीतला नळ बसवलाय कुठे! आम्हाला हात धुवायला कमरेत वाकावं लागायचं. विचारलं तर म्हणाले, 'चुकलं माझं.'"

मी मास्तरांचा झगा चार वेळा शिवलाय. जमिनीपासून त्यांची कंबर एकेचाळीस इंच, झोपेतही सांगेन. चित्रात नळ त्यांच्या कमरेखाली वीतभराला थोडा कमी. म्हणजे पस्तीस. माझं कोपर जमिनीपासून पस्तीस इंचांवर येतं. यांनी मला कधी टेप लावलेली नाही.

"आणि ताई, तुमची पिशवी पहिल्याच दिवशी दिली हं," मास्तर अंधारात मला शोधत म्हणाले. "त्यांनी उघडून आत पाहिलं. मग विचारलं, 'आत काही नव्हतं?' म्हटलं नाही. 'निरोप?' म्हटलं तोही नाही. जरा वेळ नावावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, 'कळलं म्हणून सांगा.'"

मी नाव पाठवलं होतं आणि माणूस पाठवलं नव्हतं. त्यांना वाटलं, हेच माझं उत्तर.

"आणि आता आनंदाची बातमी!" मास्तरांचा आवाज चढला. "काम संपलं होतं, ते परत येऊ शकले असते. पण आमच्या देखत, त्याच संध्याकाळी, त्यांनी शेजारच्या बेटाच्या कामासाठी आणखी तीन वर्षांची सही केली. मंडळीच्या भेटीने केवढं बळ येतं बघा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत मी उठले आणि पुढे चालत गेले. पडद्यासमोर उभी राहिले तर नळाचं चित्र माझ्या अंगावर आलं. टाळ्या हळूहळू थांबल्या.

"ताई, काय झालं?" पाळकसाहेब म्हणाले.

"मंडळी मी आहे," मी म्हणाले. "घरी ते मला मंडळी म्हणतात. त्यांनी मला बोलावलं होतं."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. पाळकसाहेबांचा चेहरा अगदी लहान झाला. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत? इतके दिवस होते."

खरं ते सांगून टाकलं. "मला खात्री नव्हती." तीस वर्षांच्या संसारानंतर, दोनशे माणसांसमोर, हे म्हणताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते बिचारे बोलू शकले नाहीत म्हणून मी त्यांच्यावर चार वर्षं रुसले. मी तरी काय बोलले होते?

पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या जहाजाची चौकशी करतो." पण या मोसमातलं शेवटचं प्रवासी जहाज सुटलं होतं, आता फक्त टपालाची बोट जायची, आणि हे तर आतापर्यंत दुसऱ्या बेटावर गेलेले, जिथे राहायची काय सोय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी येऊन कागद घेतला. या वेळी एकही फाडला नाही. वर "अहो" लिहिलं, खाली लिहिलं, "नळाची उंची बरोबर आहे. मी येते." पाकीट बंद केलं, ठाऊक होता तो जुन्या बेटाचाच पत्ता घातला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. परत आले तेव्हा मोरीत सकाळची भांडी तशीच होती. चौरंगावर चढले आणि घासायला लागले. टपालाला सहा आठवडे लागतात, तेही माणूस त्याच बेटावर असेल तर.