कुरणाकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुने पत्र्याचे भिरभिरे आहे. माझे काम दुसऱ्याला घाबरवण्याचे. पण माझ्याइतके भित्रे भिरभिरे शोधून सापडायचे नाही.

मला बोगुमिलाबाईंनी घडवले. वूच शहरातल्या ट्रामच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे पत्रा कापला होता. निवृत्त झाल्यावर शहराबाहेरच्या बागांच्या वसाहतीत त्यांना जमिनीचा एक तुकडा मिळाला. रंगाच्या रिकाम्या डब्यातून त्यांनी माझी चार पाती कापली आणि मला लोखंडी सळईवर चढवून ती जमिनीत ठोकली. वारा आला की मी फिरते, सळई थरथरते आणि ती थरथर मातीत उतरते. मातीखाली राहणाऱ्या क्रेतला ती सोसत नाही. क्रेत म्हणजे मखमली काळ्या अंगाचा, फावड्यासारख्या हातांचा, जवळजवळ आंधळा प्राणी. तो गाजरे खात नाही, गांडुळे आणि अळ्या खातो. पण बोगदे खणताना हिरवळीवर मातीचे ढिगारे उभे करतो. एवढाच त्याचा गुन्हा.

कितीतरी वर्षे कुंपणापलीकडच्या कुरणातून येणारे क्रेत माझी थरथर लागताच मागे फिरत. शेजारणी म्हणत, "बोगुमिला, असलं एक आम्हालाही करून दे गं!" तेव्हा मी ऐटीत फिरे. पुढे गंज चढला, तेल घालायचे राहून गेले, मी अडखळू लागले. या उन्हाळ्यात एक क्रेत आत शिरला.

नेमका येत्या रविवारी बाईंचा नावदिवस होता, म्हणजे दिनदर्शिकेत त्यांचे नाव असलेला दिवस. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा त्याचाच थाट मोठा. हिरवळीवर टेबल मांडायचे, आणि तिथेच अकरा ढिगारे! शेजारच्या बागेतले त्यांचे दीर लुत्सियान कार्बाइडचा डबा घेऊन आले.

"वहिनी, खडे बिळात टाकायचे, वर पाणी ओतायचं. वायू सुटतो, आतल्या आत गुदमरून मरतो."

"माझ्या बागेत मरण नको, भावोजी."

"मग रविवारी खुर्च्या रुतून पाहुणे पालथे पडले म्हणजे कळेल!"

"शनिवारपर्यंत थांबा. नाही गेला तर तुम्ही म्हणाल तसं."

एका जिवाचे मरण आता माझ्यावर येऊन ठेपले होते.

बाईंनी मला तेल घातले. शिवाय प्लास्टिकच्या बाटल्या सळयांवर उपड्या घालून बागेच्या चारही बाजूंना ठोकल्या. आमच्या वसाहतीत सगळे असेच करतात; जितक्या बाटल्या तितका धाक. वारा सुटला आणि चहूकडून खडखडाट सुरू झाला. मी कुरणाकडच्या कोपऱ्यात होते. मित्रांनो, तेव्हा माझ्या सळईतून मला त्याची नखे जाणवली. तो कुरणाकडे पळत आला, माझ्यापाशी थबकला, मागे वळला. मग रस्त्याकडे गेला, मग कुंपणाकडे. सगळीकडे तीच थरथर. पुन्हा माझ्याकडे आला. त्याला बाहेर जायचे होते आणि मीच त्याला जाऊ देत नव्हते. मला थांबायचे होते, पण वारा थांबत नव्हता. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

शनिवारी सकाळी सतरा ढिगारे झाले होते, सगळे मधोमध. लुत्सियान डबा आणि पाण्याची झारी घेऊन हजर झाले.

"बोललो होतो ना? लई हट्टी जात आहे ही. आता शब्द पाळा." त्यांनी डब्याचे झाकण उघडले.

बाई ढिगाऱ्यांकडे पाहत राहिल्या. "थांबा, भावोजी. सगळे मधेच कसे? अहो, आपण कोंडलंय त्याला! चारी दारं लावून 'जा, जा' म्हणतोय. जाईल कुठून बिचारा?"

"क्रेतला कसली आलीत दारं?"

"तो डबा खाली ठेवा आधी!"

त्या धावत आल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी मला उपटले. कुरणाकडच्या सगळ्या बाटल्याही उपटल्या. मग मला हिरवळीच्या मधोमध रोवले. मी फिरू लागले. नखे अगदी जवळ होती. मग ती दूर गेली. मग काहीच जाणवेना. गेला की भीतीने मेला? मला कळेना. दुपारी कुंपणापलीकडे, कुरणात, ओल्या मातीचा एक ढिगारा हळूच वर आला. लुत्सियाननी तो पाहिला. मग त्यांनी झाकण लावले आणि झारीतले पाणी गुलाबांना घातले.

मित्रांनो, नको असलेला जीव अंगणात आला तर त्याला खुशाल हाकला. पण आधी त्याला जायला एक बाजू मोकळी ठेवा. बाटल्या लावल्यावर वाढलेल्या त्या ढिगाऱ्यांना माणसे हट्ट समजली होती. ती एका घाबरलेल्या जिवाची धावपळ होती.