सज्ज्यातली माणसं

माझी आत्या पुस्तकबांधणी करायची. तिच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. आमच्या ज्यू समाजाचं प्रार्थनाघर, सिनेगॉग, तिच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर, बँक आणि बेकरीच्या मधे होतं. रंगारी, शिंपी आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांनी ते बांधलं होतं. पुरुष खाली बसत, बायका वर सज्ज्यात. सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागत आणि ते दहा खालचेच मोजले जात.

पुढे माणसं पोटापाण्यासाठी पांगली. एका शनिवारी खाली नऊच भरले. समाजाचा कारभार घड्याळजींकडे होता. त्यांनी तासभर वाट पाहिली आणि दाराला कुलूप लावलं. त्या दिवशी सज्ज्यात चौदा बायका होत्या. आत्या तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

इमारत विकली गेली. तिथे फर्निचरचं दुकान आलं. खाली कपाटं, सज्ज्यात गाद्या. चाळीस वर्षं अशीच गेली. यंदा मालकानं इमारत पाडायचा अर्ज केला. सुनावणीला आत्या मला सोबत घेऊन गेली.

मालकाचा वकील म्हणाला, "तो समाज आता शिल्लकच नाही."

"मग मी काय भूत आहे?" आत्यानं विचारलं.

अधिकारी बाई हसल्या नाहीत. "समाज असेल तर तो दिसायला हवा. शनिवारी सकाळी मी येते. तिथे तुमच्या रीतीनं प्रार्थना झाली, तर पाडायची परवानगी देणार नाही."

तिथून आम्ही थेट घड्याळजींकडे गेलो. ते आता चौऱ्याऐंशीचे. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "गावात सातच पुरुष उरलेत. बाकीचे तीन कुठून आणू?"

"सज्ज्यातून आणा," आत्या म्हणाली. "त्या दिवशी आम्ही चौदा जणी होतो, काका. तुम्ही मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

"नियम मी केला नाही, पोरी."

"कुलूप तर तुम्हीच लावलंत."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. आम्ही चहा न घेताच निघालो.

शनिवारी नऊला दुकान उघडलं आणि आम्ही आत शिरलो. आत्या, मी, आणखी दोघी बायका आणि सहा पुरुष. अधिकारी बाई आधीच कोपऱ्यात उभ्या होत्या.

"काय दाखवू?" मॅनेजरनं विचारलं.

"कपाट."

"एवढ्या सगळ्यांना?"

"कुटुंब मोठं आहे," आत्या म्हणाली.

तेवढ्यात काठी टेकत घड्याळजी आले, पाठोपाठ त्यांची सून. ते कपाटांच्या रांगेत उभे राहिले आणि मोजायला लागले. आमच्याबरोबर आलेल्या त्यांच्या मेव्हण्यांनी अडवलं.

"बायका मोजणार असाल तर मी निघालो."

"ज्याची त्याची मर्जी," घड्याळजी म्हणाले.

मेव्हणे गेले आणि जाताना आपल्या भावालाही घेऊन गेले. घड्याळजींनी पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतलं. पाचाशी थांबले. आत्या त्यांच्यासमोर उभी होती. तिनं नजर हलवली नाही. मला वाटलं, म्हातारा आता काठी उचलून चालता होणार.

"सहा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सात."

सुनेशी ते दहावर पोचले. मॅनेजरनं कुणी न सांगता दुकानातलं गाणं बंद केलं. आत्यानं स्वतः बांधलेली पुस्तकं वाटली आणि आम्ही प्रार्थना केली. अधिकारी बाई शेवटपर्यंत उभ्या राहून लिहीत होत्या.

तीन आठवड्यांनी हुकूम आला: इमारत पाडता येणार नाही. घड्याळजींचे मेव्हणे मात्र अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि घड्याळजी ते मनाला लावून घेतात.

मालकानंही हार मानलेली नाही. त्यानं दारावर पाटी लावली, 'खरेदी करणाऱ्यांनाच प्रवेश'. आत्यानं ती नीट वाचली. आता ती दर शनिवारी आत शिरताना कपाटाची एक मूठ विकत घेते आणि पावती मॅनेजरच्या डोळ्यांसमोर धरते.

"चला," ती आम्हाला म्हणते, "खरेदी झाली."