पाठीच्या पाण्याचं वय

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे आणि स्वभावाने जळका आहे. लपवून काय उपयोग? बर्फाहून कितीतरी थंड राहणं हे माझं काम, पण त्या नव्या फ्रीझरचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुर्कस्तानातल्या कायसेरी शहरात, एका रुग्णालयात विस्मरणाच्या आजारांचा विभाग आहे. मी तिथे आलो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! माणसाच्या मेंदूभोवती आणि कण्यात एक नितळ पाणी असतं. पाठीत सुई घालून त्याचे थोडे थेंब काढतात. मेंदूतली रसायनं त्यात उतरलेली असतात. कुठलं वाढलं, कुठलं घटलं, यावरून मेंदूचं कसं चाललंय ते कळतं. त्या थेंबांच्या कुप्या माझ्या पोटात असायच्या. वीज गेली की सगळे आधी माझ्याकडे धावायचे.

मग तो आला. गुळगुळीत, अंगावर आकडे लुकलुकणारा, अजिबात आवाज न करणारा. माझ्या कुप्या त्याच्याकडे गेल्या आणि मला व्हरांड्यात, बाकाशेजारी ढकललं. आता माझ्यात बर्फाच्या पिशव्या ठेवतात. "फार घरघरतो हा," असं म्हणून येणारे जाणारे नाक मुरडतात. आम्ही एकेकाळी काय होतो, हे यांना कोण सांगणार!

पण बाकाशेजारी होतो म्हणूनच साती आणि गुलिझार या बहिणी मला कळल्या. दोघी मिळून मंतीचं दुकान चालवतात. मंती म्हणजे खिमा भरलेले, नखाएवढे उकडलेले कणकेचे तुकडे. दुकानात शब्द चालतो तो सातीचा. पीठ कुणी मळायचं, दही कुणी फेटायचं, सगळं तीच ठरवते. गुलिझार लाटून लाटून थकते आणि वाहवा सातीची होते. कागदावर दोघी जुळ्या. वय वाढतं तसं हे पाणी कसं बदलतं, यावर डॉक्टर निल्युफर काम करत होत्या. त्यांना या जुळ्या मिळाल्या तेव्हा कोण आनंद झाला! दोघींचे थेंब ठेवले कुठे? अर्थात त्या नव्याकडेच.

निकालाच्या दिवशी दोघी बाकावर बसल्या होत्या. सातीच्या मुलाने आधीच बजावलं होतं की पाण्यात काही खोट निघाली तर आईला चुलीजवळ जाऊ देणार नाही, दुकान मावशी बघेल. डॉक्टर येऊन त्यांच्याजवळ टेकल्या आणि आमच्या रीतीप्रमाणे मानाने 'हानिम', म्हणजे 'बाई', म्हणून बोलू लागल्या.

"साती हानिम, नसा झिजल्या की एक प्रथिन या पाण्यात उतरतं. वयाबरोबर ते सगळ्यांचंच वाढतं. पण जुळ्या बहिणीच्या मानाने तुमचं फारच वाढलंय. आजाराची सुरुवात असावी, असं वाटतंय."

"असेल तर असेल," साती मान ताठ ठेवून म्हणाली. "आजार म्हणून लिहा."

गुलिझारने तिच्याकडे पाहिलं. खरी गोष्ट तिला माहीत होती, आणि मलाही. मागच्या खेपेला दोघींची कुजबुज मी ऐकली होती. साती जन्मली तेव्हा गावाचा रस्ता बर्फाने बंद होता. बाप नोंद करायला गेला नाही आणि मग ते राहूनच गेलं. नऊ वर्षांनी गुलिझार झाली तेव्हा तो खेचरावरून शहरात गेला, आणि पुन्हा हेलपाटा नको म्हणून दोघींना कागदावर एकाच दिवशी जन्माला घालून आला. सातीला ते भलतंच आवडलं. धाकटी शाळेत गेली, हिला नाही धाडलं. निदान कागदावर तरी ती आपल्याहून तरुण नाही, एवढंच सातीला हवं होतं. थोरलीला 'अब्ला' म्हणायची रीत, पण गुलिझारला तिने ते कधी म्हणू दिलं नाही.

आता गुलिझार गप्प राहिली की दुकान तिचं. मी असतो तर गप्प राहिलो असतो. तो नवा उद्या बंद पडू दे, मी हूं की चूं करणार नाही.

"डॉक्टर हानिम," गुलिझार म्हणाली, "ही माझी जुळी नाही. माझी अब्ला आहे. नऊ वर्षांनी मोठी."

"गप्प बस गं! खोटं बोलतेय ही. लहानपणापासून जळते माझ्यावर."

"जळतेच. एवढी वर्षं राबवलंस, जळू नको तर काय करू? पण मी तान्ही होते तेव्हा तू मला पाठीवर बांधून बदकं राखत होतीस. ते काय कागद बघून?"

"डॉक्टर, मला आजारी म्हणा," साती पुटपुटली. "म्हातारी तेवढं म्हणू नका."

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्याकडच्या जुन्या नोंदी कशा व्हायच्या हे मला माहीत नाही का? आधी विचारायला हवं होतं."

त्या आत गेल्या आणि सातीचे आकडे तिच्या खऱ्या वयाच्या धडधाकट बायकांच्या आकड्यांशी ताडून परत आल्या. "झीज आहे, पण ती वयाची. आजार दिसत नाही. खुशाल दुकानात जा."

गुलिझारचं दुकान गेलं. तरी तिने बहिणीचा हात उचलला, त्याचं चुंबन घेतलं आणि तो कपाळाला लावला. आमच्याकडे सणाला धाकटे थोरल्यांपुढे असे वाकतात. या दोघींत ते कधी घडलंच नव्हतं. सातीने हात काढून घेतला नाही.

"उद्या पीठ तू मळ," साती म्हणाली. "मीठ मात्र मीच घालणार."

मित्रांनो, कुणी झिजलाय असं म्हणण्याआधी त्याचं वय विचारा, आणि त्याला त्याच्याच वयाच्यांशी ताडून पाहा. मला अजून त्या नव्याच्या बरोबरीनेच मोजतात. त्या दिवशी मात्र मी त्याला विसरलो, मला सातीचा हेवा वाटला. स्वतःचं नुकसान करून माझ्या बाजूने बोलेल असं धाकटं भावंड मला नाही. तुम्हाला असेल, तर त्याला जपा.